काळ्या घोड्याच्या पुलावर पाणी किती?

वाचकांचे प्रश्न : पूर, पाणी आणि आपले घर

मृग लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय एकच असतो. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर तर वडोदऱ्यात राहणारा प्रत्येक माणूस आभाळाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागला आहे. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि नोकरीची सगळी वर्षे गटारे, नाले आणि पाणी यांच्यातच गेली. त्यामुळे ही पत्रे संपादकांनी माझ्याकडे सोपवली. सारख्या प्रश्नांची पत्रे एकत्र केली आहेत. नावे छापलेली नाहीत.

ताई, समा भागात आमचे टेनामेंट आहे. २०२४ मध्ये घरात कमरेपर्यंत पाणी होते आणि ते लवकर ओसरले नाही. आता घरात तीन मते आहेत. हे म्हणतात, जॅक लावून घरच उचलून घेऊ. दीर म्हणतात, कंपाउंडची भिंत पाच फूट करू आणि फाटकाला पत्रा मारू. शेजाऱ्यांनी तर सगळा प्लॉट मुरूम टाकून वर घेतला. आमच्या ऐपतीत एकच काम होईल. कुठले करावे?

आधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी बसून आठवायची. पाणी पहिल्यांदा कुठून दिसले? फाटकातून आले की मोरीच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून वर आले? समा, फतेगंज, कारेलीबाग या भागांतल्या पुष्कळ घरांत रस्त्यावरचे पाणी ओट्याला लागण्याआधीच मोरी उलटते. विश्वामित्री नदी चढली की गटाराचे पाणी पुढे जायला जागा राहत नाही आणि ते मागे फिरून तळमजल्यावरच्या घरांत शिरते. तुमच्याकडे असे झाले असेल, तर पाच फुटांची भिंत बांधून तुम्ही ते घाण पाणी आत कोंडाल.

म्हणून पहिला खर्च जमिनीखालचा. घरातून बाहेर जाणारी ड्रेनेजची लाइन जिथे शेवटच्या चेंबरला मिळते, तिथे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवून घ्या. चांगल्या प्लंबरला हे काम ठाऊक असते. मे महिन्यात तो उघडून साफ करायचा, नाहीतर कचरा अडकून झडप लागत नाही. व्हॉल्व्ह बसेपर्यंत वाळूने अर्ध्या भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या तयार ठेवा : एक संडासाच्या भांड्यात, एक मोरीच्या जाळीवर.

आता भिंत. साचलेले पाणी भिंतीला किती रेटते याचा हिशेब सोपा आहे. एक मीटर उंच पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला सुमारे ५०० किलोने ढकलते. पाणी दीड मीटर झाले, म्हणजे तुमच्या दिरांच्या पाच फुटांइतके, की हाच रेटा ११०० किलोच्या वर जातो. उंची दीडपट आणि जोर सव्वादोनपट. आपल्या कंपाउंडच्या भिंती विटांच्या, पाया दीड-दोन फुटांचा, आणि खाली फुगणारी-आक्रसणारी काळी माती. अशी भिंत हळूहळू झुकत नाही, एकदम बसते. त्या वेळी आतल्या बाजूला कुणी उभे असेल तर काय होईल, हे दिरांना जरूर सांगा. घोट्याएवढे, गुडघ्याएवढे पाणी दाराच्या फळीने आणि वाळूच्या पोत्यांनी अडवा. बाहेर तीन फुटांच्या वर चढायला लागले की अडवू नका, ते आत आले तरी चालेल अशी घराची तयारी करा.

जॅकवर घर उचलतात, हे खरे आहे. ते होतेही. पण त्यासाठी घर सुटे हवे, भिंती आणि पाया स्ट्रक्चरल इंजिनिअरने तपासलेला हवा. टेनामेंटची एक भिंत शेजाऱ्याला लागून असेल तर मी त्या वाटेला जाऊ नका असेच सांगेन. आणि मुरूम टाकून प्लॉट वर घेणे मला अजिबात मान्य नाही. त्या भरावाने जेवढे पाणी हटले तेवढे गल्लीत, म्हणजे तुमच्याच घरात, आले.

तुमच्या ऐपतीतले काम म्हणजे तळमजल्याची आखणी बदलणे. मीटर, मेन स्विच आणि सगळे सॉकेट छातीच्या उंचीवर न्या. तळमजल्याची वायरिंग वरच्या मजल्यापासून वेगळी करा आणि तिला स्वतःचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लावा, म्हणजे खाली वीज तोडून वर दिवा चालू ठेवता येईल. इन्व्हर्टरची बॅटरी वर. स्वयंपाकघरात ओट्याखाली प्लायवूडची कपाटे नकोत, कडाप्प्याच्या फळ्या टाका, त्या धुऊन पुन्हा वापरता येतात. जमिनीखालची पाण्याची टाकी घट्ट झाकणाची हवी, आणि पूर ओसरल्यावर ती उपसून, घासून, क्लोरीनने धुतल्याशिवाय त्यातला थेंबही प्यायला घेऊ नका. गॅसचे सिलिंडर साखळीने भिंतीला बांधा. ते पाण्यावर तरंगते आणि नळी ओढून तोडते.

दांडिया बाजारातून एक ज्येष्ठ वाचक लिहितात : “आजव्याचे दरवाजे उघडले म्हणून पूर आला, असे जो तो म्हणतो. महाराजांनी एवढे मोठे सरोवर बांधले ते शहर बुडवायला का? खरे काय ते एकदा स्पष्ट लिहा.”

काका, स्पष्टच लिहिते. सयाजी सरोवर, म्हणजे आपला आजवा, तिसऱ्या सयाजीराव महाराजांनी बांधला तो लाखभर वस्तीच्या शहराला पिण्याचे पाणी देण्यासाठी. पूर अडवण्यासाठी तो बांधलेलाच नाही. या दोन कामांचा आपसात झगडा आहे. पिण्यासाठी तलाव भरलेला हवा, पुरासाठी रिकामा हवा. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी लोटाभर पाणी मावत नाही, तसे ऑगस्टअखेर भरलेल्या आजव्यात पावागडाकडून येणारा नवा लोंढा मावत नाही. २०२४ मध्ये पातळी २१३ फुटांच्या वर गेली होती. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी जाऊ देणे म्हणजे धरणच गमावणे, आणि ते गेले तर जे येईल त्याला पूर हा शब्द पुरणार नाही. तेव्हा दरवाजे उघडावेच लागतात.

पण आजवा म्हणजे संपूर्ण गोष्ट नव्हे. २०१९ सालचा ३१ जुलै आठवा. त्या दिवशी शहरावरच २४ तासांत सुमारे ५०० मिलीमीटर पाऊस पडला. याचा अर्थ काय होतो ते बघा. एका हेक्टरवर, म्हणजे मध्यम आकाराच्या एका सोसायटीच्या जागेवर, ५० लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरचे ५०० टँकर एकाच सोसायटीत रिकामे करावेत, एवढे. हे पाणी आजव्याचे नव्हते, आपल्याच गच्च्यांवरचे होते. ते नदीपर्यंत नेण्यासाठी भूखी कांस, मसिया कांस, रूपारेल कांस आहेत. कांस म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारा नाला. शहराची उतरण ओळखून पूर्वीच्या लोकांनी हे मार्ग जपले होते. आज कांसेवर कुठे स्लॅब आहे, कुठे दुकाने आहेत, कुठे तिला पाइपात कोंबले आहे. आणि विश्वामित्री भरून वाहत असेल तर कांसेतले पाणी पुढे न जाता उलटे शहरात फिरते.

त्यात खालच्या अंगालाही दार बंद असते. विश्वामित्री थेट समुद्राला जात नाही, ती ढाढर नदीला मिळते आणि मग खंभातच्या आखाताकडे. देव धरणाचे पाणी सुटून ढाढर फुगली असेल, तर विश्वामित्रीला उतरायला वाट नाही. म्हणून वर पाऊस थांबून ऊन पडले तरी वडसर-कलालीकडे पाणी दिवसेंदिवस तसेच राहते. तिथल्या लोकांना वाटते की आपल्याला कुणी विचारत नाही. त्यांचे वाटणे चुकीचे नाही.

आजव्याला दोष देऊन आपण सगळे मोकळे होतो, हे मला पटत नाही. विचारायचे असेल तर नेमके विचारा. जुलैत आजवा आणि प्रतापपुरा या दोन तलावांची पातळी कितीवर ठेवणार? पाणी सोडण्याच्या किती तास आधी, कुठल्या वस्तीला, कोण कळवणार? हे मे महिन्यात लिहून जाहीर झाले पाहिजे. नगरसेवक दारात मते मागायला येतो तेव्हा हे दोन प्रश्न त्याला विचारलेले मला बघायचे आहेत.

मी आर्किटेक्चरची विद्यार्थिनी आहे. अहमदाबादला साबरमतीच्या दोन्ही काठांना भिंती आहेत. विश्वामित्रीला तशा बांधल्या तर पूरही थांबेल आणि मगरीही शहरात येणार नाहीत, असे आमच्या वर्गात पुष्कळांना वाटते. तुमचे मत?

माझे मत ठाम विरोधात आहे, आणि तू या विषयात पुढे काम करणार आहेस म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक दिवस कॅमेरा न घेता काठाने चाल. कमाटी बागेच्या मागून सुरुवात कर. नदी सरळ नाही, सापासारखी वळणे घेत जाते. तिच्या दोन्ही अंगांना मातीच्या घळी आहेत, ज्यांना आपण इथे कोतर म्हणतो. उन्हाळ्यात बघणाऱ्याला कोतर म्हणजे पडीक, झाडोऱ्याने भरलेली, कचरा टाकायची जागा वाटते. पावसाळ्यात तीच जागा नदीचे जादा पाणी पोटात घेते, वेग मोडते, आणि नंतर सावकाश सोडते. एका कोतरात भराव घालून तिथे इमारत उभी राहिली की ते पाणी कुठल्या तरी जुन्या वस्तीत जाऊन बसते. ते कुणाच्या घरात गेले हे कागदावर कधीच येत नाही. भिंती बांधणे म्हणजे हेच काम पंचवीस किलोमीटर लांबीवर एकदम करणे. पाणी अरुंद पात्रात उंच चढेल, भिंतीबाहेरच्या कांसांची तोंडे बंद होतील आणि सगळा लोंढा जोराने खालच्या गावांवर जाईल.

राष्ट्रीय हरित लवादाने २०२१ मध्ये विश्वामित्रीबद्दल दिलेला निकाल तुझ्या अभ्यासक्रमात असायला हवा. पूरक्षेत्राची आखणी करा, अतिक्रमणे काढा, कोतरांसह नदी जपा, हा त्याचा रोख आहे. हा खटला इथल्याच नागरिकांनी लढवला. २०२५ च्या उन्हाळ्यात महापालिकेने शहरातल्या सुमारे २५ किलोमीटर पात्रातला गाळ काढला आणि पात्र रुंद केले. गाळ आणि राडारोडा निघाला हे बरे झाले, तो आपणच टाकला होता. पण काठावरची झाडे गेली तर माती धरून कोण ठेवणार? उघडा काठ दोन पावसाळ्यांत ढासळतो आणि तीच माती पुन्हा पात्रात येऊन बसते. म्हणून गाळ काढण्याइतकेच काठावर वाळा, बांबू, करंज लावण्याचे काम महत्त्वाचे आहे. त्याचे उद्घाटन होत नाही एवढेच.

तुला परदेशातले उदाहरण हवे असेल तर नेदरलँड्सचे घे. पाण्यापुढे भिंती बांधण्यात त्यांच्याइतका मुरलेला देश नाही. १९९५ मध्ये त्यांच्या नद्या इतक्या चढल्या की सुमारे अडीच लाख माणसांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्यांनी भिंती आणखी उंच करत बसण्याऐवजी नद्यांना जागा परत देण्याचा कार्यक्रम आखला. नायमेगन शहरासमोर वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे घेतला आणि नदीला बाजूने दुसरे पात्र खणून दिले. त्यासाठी काही घरे पाडावी लागली, लोक रागावले, भांडणे झाली. दुसऱ्या एका ठिकाणी शेतकऱ्यांनी आपली शेतघरे मातीच्या उंच टेकाडांवर हलवली आणि खालची शेते पुरासाठी मोकळी ठेवली. तिकडचे जसेच्या तसे इकडे आणता येणार नाही. आपल्याकडे सखल जागेत राहणारा बहुधा गरीब असतो, आणि नदीला जागा देण्याच्या नावाखाली परशुराम भट्टा वस्तीतली झोपडी हटते, शेजारचा मॉल मात्र राहतो. असे होणार असेल तर ती योजना मला नको. ज्याला हलवायचे त्याला कामाच्या जागेपासून चालत जाता येईल असे घर आधी द्यायचे, मग झोपडीला हात लावायचा.

नदीकाठी काय असावे, याचे उत्तर तुझ्याच शहरात आहे. १८७९ सालची कमाटी बाग. बागेत पाणी येते, गाळ बसतो, प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांना त्रास होतो, त्यांची सोय वर करायलाच हवी. पण पाणी उतरल्यावर झाडे उभीच असतात आणि महिन्या-दोन महिन्यांत मुले पुन्हा खेळायला येतात. काठावर बागा, क्रीडांगणे, रोपवाटिका, भाजीची शेते असावीत. ज्याचे दोन दिवस पाण्यात राहून फारसे बिघडत नाही ते खाली, ज्याचे बिघडते ते वर.

मगरींबद्दल. २०२५ च्या फेब्रुवारीतल्या गणतीत शहरातल्या पात्रात चारशेहून अधिक मगरी निघाल्या. त्या बाहेरून आलेल्या नाहीत. काठाच्या मातीत बिळे करून राहतात, उन्हाळ्यात तिथेच अंडी घालतात, पावसाच्या तोंडाला पिल्ले बाहेर येतात. पुरात बिळे बुडतात आणि मगर आसरा शोधत तुमच्या पार्किंगमध्ये येते. भिंती बांधल्या तर बिळांची जागाच जाईल आणि ती जास्त वेळा बाहेर येईल. पूर असताना अंधारात पाण्यात उतरू नये, कुत्र्याला मोकळे सोडू नये, मगर दिसली तर गर्दी न करता वनखात्याला कळवावे. इतकी वर्षे एवढ्या मोठ्या शहरात माणूस आणि मगर शेजारी राहिले, ही मला या शहराची अभिमानाची गोष्ट वाटते.

माझे माहेर सांगलीचे. तिकडे आयर्विन पुलाची पातळी घरातल्या लहान मुलालाही पाठ असते. ४५ फूट म्हटले की सामान माळ्यावर चढायला लागते. इथे लग्न होऊन आले तर कुणाला काहीच आकडा माहीत नाही. इथे काय बघायचे?

विश्वामित्रीवरच्या, काळ्या घोड्याजवळच्या पुलावरची पातळी. धोक्याची खूण २६ फुटांवर आहे. २०१९ मध्ये पाणी ३४ फुटांच्या वर गेले, २०२४ मध्ये ३५ च्या वर. पण २६ हा शहराचा आकडा झाला. तुम्हाला तुमच्या घराचा आकडा हवा. गल्लीतल्या जुन्या माणसांना विचारा, मोबाइलमधले २०२४ चे फोटो काढून त्यांची वेळ बघा, आणि त्या वेळी पुलावर किती पातळी होती ते जुन्या वर्तमानपत्रांतून शोधा. पुलावर अमुक फूट असताना आपल्या कोपऱ्यावर पाणी आले, अमुक असताना पायरीला लागले, असा दोन-तीन ओळींचा तक्ता तयार होईल. तो फ्रिजवर चिकटवा आणि गल्लीच्या ग्रूपवर टाका. अलकापुरीचे गरनाळे, म्हणजे रेल्वेखालचा रस्ता, मात्र या हिशेबात धरू नका, ते एका जोरदार सरीतही भरते. त्यात गाडी घालायचीच नाही.

तुमच्या सासरच्यांना सांगलीची ही सवय लावा. फार चांगली सवय आहे.

जुन्या वाड्यात राहतो. पुरानंतर भिंतींना लोणा आला, रंगाचे पापुद्रे पडतात. कंत्राटदार म्हणतो सिमेंटचा गिलावा करून वर वॉटरप्रूफ रंग मारतो.

करू नका. चुन्यात बांधलेली वीट पाणी पिते आणि हवेत सोडते. वर सिमेंट बसले की ओल आत अडकते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. सैल गिलावा कमरेच्या वरपर्यंत खरवडून काढा, भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवा, पांढरे मीठ दिसले की कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. मग चुन्याचाच गिलावा आणि चुन्याची सफेदी. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या वयस्क गवंड्यांना हे काम येते. ती माणसे आहेत तोवर करून घ्या.

घराचा विमा पुराला चालतो का? आणि गाडीचा?

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी देतात. तिच्यात पूर मुळातच धरलेला आहे. रक्कम घराच्या बाजारभावावर नव्हे, पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते, म्हणून हप्ता लोकांना वाटतो तेवढा जड नसतो. घराचा विमा उतरवला की घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, आपोआप संरक्षण मिळते. भाडेकरूंना फक्त सामानाचा विमा घेता येतो, हे बहुतेकांना माहीतच नसते. गाडीला कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी हवी, आणि इंजिनसाठी वेगळे संरक्षण जोडून घ्या. पाण्यात बुडालेली गाडी चावी फिरवून बघायची नाही. इंजिनात पाणी असताना चालू केली तर ते फुटते आणि तो दावा साध्या पॉलिसीत बसत नाही. टो करून न्या, आणि हलवण्याआधी नंबरप्लेट व पाण्याची रेघ दिसेल असा फोटो काढा.

आमच्या गल्लीचे गणेशोत्सव मंडळ आहे, पंचवीस-तीस मुले आहेत. २०२४ मध्ये पूर ओसरून दहा दिवसांत गणपती बसायचे होते, आम्ही चिखल उपसूनच मांडव घातला. यंदा आधीपासून काही करता येईल का?

बाळांनो, तुमचे पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवले. पुराच्या पहिल्या काही तासांत तुमच्याकडे पोहोचणारी माणसे बोटीतून येत नाहीत, ती गल्लीतलीच असतात. ती तुम्हीच.

वर्गणीसाठी तुम्ही प्रत्येक दार वाजवताच. यंदा जूनमध्येच एकदा वाजवा आणि वहीत लिहा : तळमजल्यावर एकटे कोण राहते, कुणाला चालता येत नाही, कोण गरोदर आहे, कुणाचे डायलिसिस चालू आहे, कुणाला इन्सुलिन लागते. प्रत्येक नावापुढे दोन मुलांची नावे लिहा आणि वर कुणाच्या घरी न्यायचे तेही आधी ठरवून घ्या. त्या वरच्या मजल्यावरच्या घराची परवानगी आत्ताच मागा, पाणी आल्यावर नव्हे. वही कागदाचीच असू द्या, मोबाइलची बॅटरी जाते. मांडवाचे दोर आणि बांबू गोदामात तळाला न ठेवता वर टांगा. बॅटरीवरचा हातातला भोंगा घ्या, मंडळाच्या स्पीकरला वीज लागते. पाण्यातून चालताना दोराला धरून चाला आणि पुढचा मुलगा बांबूने जमीन चाचपत जाईल, कारण गटारांची झाकणे उघडी असतात. विजेच्या खांबांना हात लावायचा नाही. पायाला जखम असलेल्या मुलाला पाण्यात उतरवू नका. आणि पाणी ओसरल्यावर ज्याला ताप येईल त्याला तिसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे न्या, पुराच्या पाण्यातून चाललो होतो हे त्यांना आवर्जून सांगा, म्हणजे ते लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार करतील.

इन्सुलिनचे एक विसरू नका. वीज गेली की फ्रिज बंद पडतो. मातीच्या माठात ओली वाळू घालून त्यात झाकणाच्या डब्यात ठेवलेले इन्सुलिन काही दिवस थंड राहते. यादीत अशी जितकी नावे असतील तितके माठ आत्ताच घेऊन ठेवा.